जुने विमान स्वस्त की नवे?

सन २०२४ च्या एप्रिल महिन्याच्या २२ तारखेस एअर इंडियाचे शेवटचे बोइंग ७४७ विमान मुंबईच्या विमानतळावरून उडाले, पंख हालवून त्याने शहराचा निरोप घेतला आणि ते अमेरिकेकडे कायमचे निघून गेले. या जातीचे पहिले विमान आपल्या देशात १९७१ साली आले होते. लोक त्यास कौतुकाने 'जम्बो' म्हणत. पन्नास वर्षे ज्याने आपल्या माणसांस सातासमुद्रांपलीकडे नेले व सुखरूप परत आणले, ते विमान मोडीत का निघाले, असा प्रश्न आमच्या वर्गात एका मुलाने विचारला. तास संपत आला होता. मी सहज उत्तर देऊन गेलो, "जुने विमान तेल फार पिते, नवे कमी पिते, म्हणून शहाण्याने जुने टाकून नवे घ्यावे."

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलाचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या हातात कर्जाचा कोरा अर्ज होता. ते म्हणाले, "सर, पोरगं म्हनते, नवा ट्रॅक्टर डिझेल कमी खाते, जुना इकून टाका. तुमीच वर्गात सांगतलं म्हनते. मंग घेऊ का कर्ज?"

मी चपापलो. मी जे सांगितले होते ते खोटे नव्हते. पण ते अर्धेच होते, आणि त्या अर्ध्या धड्याच्या आधारावर एका कुटुंबाची जमीन गहाण पडण्याची वेळ आली होती. मी त्या गृहस्थांस बसवून घेतले व उरलेला अर्धा हिशेब आम्ही दोघांनी मिळून केला. तो संपूर्ण हिशेब विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल असे वाटून येथे क्रमाने मांडीत आहे. आधी विमानाचा हिशेब पाहू. शेवटी ट्रॅक्टराकडे परत येऊ.

१. खर्चाचे दोन प्रकार

आपल्या गावच्या एस.टी. आगारात उभी असलेली बस पाहा. ती दिवसभर जागची हलली नाही, तरी तिच्या किमतीवरील व्याज चालूच राहते, विमा भरावाच लागतो आणि तिचे वय एका दिवसाने वाढते. हा खर्च गाडी धावो वा न धावो, होणारच. यास आपण स्थिर खर्च म्हणू. तीच बस वाशीमला किंवा अकोल्याला निघाली, म्हणजे डिझेल जळते, टायर झिजतात, इंजिनाचे तेल बदलावे लागते. हा खर्च जितके धावावे तितका वाढतो. यास चालता खर्च म्हणू.

विमानाचेही असेच आहे. विमानाची किंमत अथवा मासिक भाडे, व्याज व विमा हे स्थिर खर्चात मोडतात. इंधन, उड्डाणाच्या तासांप्रमाणे होणारी दुरुस्ती आणि विमानतळावर उतरण्याची फी हे चालत्या खर्चात येतात. वैमानिकांचा पगार थोडा इकडे व थोडा तिकडे पडतो.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या विमानाचा स्थिर खर्च कमी व चालता खर्च अधिक असतो. नव्याचे नेमके उलट असते. म्हणून 'स्वस्त कोणते?' या प्रश्नास एका शब्दात उत्तर नाही. 'किती तास चालवावयाचे?' हे कळल्याखेरीज तो प्रश्नच पुरा होत नाही.

२. इंधनाचा हिशेब

चालत्या खर्चात इंधन सर्वांत मोठे. आपल्या देशातील विमान कंपन्यांच्या एकंदर खर्चाचा जवळजवळ ४० टक्के भाग पुष्कळदा इंधनातच जातो. तेव्हा प्रथम तेच मोजू. पुढील आकडे ठोकळ आहेत. वारा, वजन व अंतर यांप्रमाणे ते बदलतात. तथापि तुलनेस ते पुरेसे आहेत.

एअर इंडियाच्या बोइंग ७४७-४०० या विमानात ४२३ आसने होती. ते तासाला सुमारे १३,००० लिटर इंधन जाळी. भागाकार केला म्हणजे एका आसनामागे तासाला सुमारे ३१ लिटर येतात. त्याच कंपनीच्या ताफ्यात २०१२ साली बोइंग ७८७-८ हे विमान आले. त्यात २५६ आसने होती आणि ते तासाला सुमारे ६,३०० लिटर इंधन घेते. म्हणजे आसनामागे सुमारे २५ लिटर. दोन्ही विमानांचा वेग जवळजवळ सारखा, ताशी ९०० किलोमीटर. येणेप्रमाणे आसनामागे सुमारे एक पंचमांश इंधन वाचले.

पण हिशेब येथेच थांबवू नये. आसन भरले तरच त्याचे पैसे मिळतात. रिकामे आसन भाडे देत नाही. समजा, एखाद्या दिवशी २४० प्रवासीच निघाले. तेवढ्यांसाठी जम्बो उडविले, तर प्रत्येक प्रवाशामागे तासाला सुमारे ५४ लिटर पडतात. भार कमी असल्यामुळे फार तर थोडे कमी. तेच प्रवासी ७८७ मधून नेले, तर २६ लिटर पुरतात. जम्बो पूर्ण भरले असता तोटा एक पंचमांशाचा, आणि अर्धे रिकामे राहिले असता दुपटीचा! मोठे जुने विमान मोडीत निघण्याचे हे एक फार मोठे कारण आहे. यात्रेच्या दिवशी मोठी बस भरून जाते. एरवी ती रिकामी धावली तर आगाराचे नुकसानच होते.

आता आणखी मागे जाऊन पाहू. डकोटा नावाचे दोन पंख्यांचे विमान १९३५ साली प्रथम उडाले. आपल्या देशात त्यात साधारण २८ प्रवासी बसत. ताशी सुमारे २७० किलोमीटर जाताना ते तासाला सुमारे ३५० लिटर पेट्रोल घेई. १०० किलोमीटरला सुमारे १३० लिटर, म्हणजे दर आसनामागे ४.६ लिटर. हल्लीचे एटीआर ७२ हे विमानही पंख्यांचेच. ७८ आसने, ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेग व तासाला सुमारे ८०० लिटर इंधन. त्याचे १०० किलोमीटरला दर आसनामागे सुमारे २.१ लिटर येतात. एअरबस ए३२० निओ या विमानाचे १८६ आसने धरून सुमारे १.७५ लिटर येतात. आठ-नऊ दशकांत माणसाच्या बुद्धीने एका आसनाचे इंधन निम्म्याहून खाली आणले, आणि वेग तिप्पट केला.

३. इंजिनात बदल कोणता झाला?

हे कसे साधले, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. विमान हवा मागे ढकलते, म्हणून ते स्वतः पुढे जाते. किती जोराने पुढे जाईल, हे ढकललेल्या हवेचे वस्तुमान व तिला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. पण ती हवा ढकलण्यास लागणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

एक उदाहरण घ्या. एका सेकंदात १ किलोग्रॅम हवा २०० मीटर वेगाने मागे फेकली, तर गुणाकार २०० आला. त्याऐवजी २ किलोग्रॅम हवा १०० मीटर वेगाने फेकली, तरीही गुणाकार २०० च. ढकल तितकीच मिळाली. आता ऊर्जा पाहा. ती वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गाने गुणून येते. पहिल्या रीतीत २०,००० व दुसऱ्या रीतीत १०,०००. काम तितकेच झाले आणि ऊर्जा निम्मी लागली! म्हणून थोडी हवा जोराने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलणे हेच काटकसरीचे.

इंजिनांच्या सुधारणेचा सारा इतिहास या एका तत्त्वात साठविलेला आहे. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ ही पहिली जेट विमाने आणली. त्यांच्या इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या दर एका भागामागे बाहेरून वळसा घेऊन जाणारी हवा एक तृतीयांश भागही नव्हती. म्हणजे थोडी हवा, फार वेग; आवाजही कानठळ्या बसविणारा. ७४७-४०० च्या इंजिनात हे प्रमाण सुमारे पाच झाले, ७८७ मध्ये सुमारे नऊ, आणि ए३२० निओच्या इंजिनांत अकरा-बारा. इंजिनाच्या तोंडाशी दिसणारा पंखा मोठमोठा होत गेला, त्याचे कारण हेच.

दुसरी सुधारणा वजनाची. ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग धातूचा नसून कार्बनच्या तंतूंपासून केलेल्या संमिश्र पदार्थाचा आहे. तो ॲल्युमिनियमहून हलका असून गंजत नाही. हलके विमान उचलण्यास शक्ती कमी लागते. शक्ती कमी म्हणून इंधन कमी. आणि इंधन कमी न्यावयाचे म्हणून विमान पुन्हा आणखी हलके.

४. इंधनाखेरीज इतर खर्च

माणसे पाहा. १९४८ सालच्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले. अशा विमानात दोन वैमानिकांखेरीज इंजिनांवर लक्ष ठेवणारा एक अभियंता, ताऱ्यांवरून व नकाशावरून मार्ग काढणारा एक मार्गदर्शक आणि बिनतारी यंत्रावर बोलणारा एक अधिकारी असे. पुढे आलेल्या पहिल्या जम्बोमध्ये दोन वैमानिक व एक अभियंता असे तिघे पुरू लागले. ७४७-४०० मध्ये व त्यानंतरच्या विमानांत दोघेच. बाकीच्यांचे काम यंत्रांनी उचलले. लांबच्या पल्ल्यावर विश्रांतीकरिता जादा वैमानिक न्यावे लागतात, ते वेगळे.

दुरुस्ती पाहा. चार इंजिने म्हणजे चार इंजिनांची देखभाल. दोन म्हणजे दोनांची. जुन्या पेट्रोल इंजिनांत शेकडो भाग पुढे-मागे धावत. कॉन्स्टेलेशनच्या प्रत्येक इंजिनास अठरा सिलिंडर होते आणि इंजिने चार. म्हणजे बहात्तर सिलिंडरांची निगा! जेट इंजिनातील मुख्य भाग केवळ गरगर फिरतात, म्हणून ते पंखावरून न काढता कितीतरी पट अधिक तास चालतात. शिवाय विमान जसजसे म्हातारे होते, तसतशा त्याच्या सांध्यांतील भेगा व गंज शोधाव्या लागतात. ठरावीक वर्षांनी विमान जवळजवळ संपूर्ण उघडून तपासण्याची मोठी तपासणी येते. त्या तपासणीचा खर्च पाहूनच पुष्कळदा जुन्या विमानाची निवृत्ती ठरते.

आपल्याकडील मुलांनी हे काम फार दूर चालते असे समजू नये. शेलूबाजाराजवळून समृद्धी महामार्गाला लागले की तो थेट नागपूरला पोहोचतो. तेथे मिहानमध्ये बोइंग कंपनीने बांधून दिलेला विमान-दुरुस्तीचा मोठा कारखाना एअर इंडियाच्या कामाकरिता २०१५ साली सुरू झाला. मोठाल्या विमानांची देखभाल आपल्या विदर्भाच्या मातीवर होते, ही गोष्ट ज्यांस यंत्रांची आवड आहे त्यांनी मनात धरून ठेवावी.

फी पाहा. विमानतळावर उतरण्याची फी विमानाच्या वजनाप्रमाणे आकारतात. ७४७-४०० चे उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३९७ टन, ७८७-८ चे सुमारे २२८ टन. जड विमान प्रत्येक उतरणीस अधिक मोजते, मग आत प्रवासी असोत वा नसोत.

५. तासांची कसोटी

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की नवेच विमान चांगले. वर्गात मीही तसेच म्हटले होते. आता उरलेला अर्धा भाग पाहू.

जुने ए३२० तासाला सुमारे ३,१०० लिटर इंधन घेते असे धरा, व नवे निओ सुमारे २,६००. तासाला ५०० लिटरची बचत. समजा, इंधनाचा भाव लिटरला ९० रुपये आहे. म्हणजे नवे विमान दर तासाला ४५,००० रुपये वाचविते. आता सोयीकरिता असे मानू की, नव्या विमानाचे भाडे महिन्याला ३ कोटी रुपये आणि जुन्याचे दीड कोटी आहे. म्हणजे नवे विमान दरमहा दीड कोटी अधिक मागते. इतर सर्व खर्च सारखे धरू.

दीड कोटीस ४५,००० ने भागा. उत्तर सुमारे ३३३ तास. महिन्याचे ३० दिवस धरता, रोज सुमारे ११ तास. याचा अर्थ असा की, नवे विमान रोज ११ तासांहून अधिक उडाले, तरच ते जुन्यापेक्षा स्वस्त पडते. ८ तासच उडाले, तर जुनेच बरे.

आता इंधनाचा भाव बदलून पाहा. लिटरला ५० रुपये झाला, तर बचत तासाला २५,००० रुपयांचीच राहिली. दीड कोटीस २५,००० ने भागता ६०० तास येतात, म्हणजे रोज २० तास. इतके तास कोणतेही प्रवासी विमान नित्य उडवू शकत नाही. भाव १२० रुपये झाला, तर मात्र रोज सव्वाआठ तासच पुरतात. म्हणजे इंधन स्वस्त झाले की जुने विमान पुन्हा तरुण होते, आणि इंधन महागले की ते एका दिवसात म्हातारे होते! विमान तेच, इंजिन तेच. बदलला तो केवळ भाव.

आपल्या देशात विमानाच्या इंधनावर राज्ये मूल्यवर्धित कर घेतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली मुंबई, पुणे व रायगड येथील हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. अशा करांमुळे इंधन महाग पडते. म्हणून आपल्याकडील कंपन्यांचा ओढा नव्या विमानांकडे अधिक असावा, यात नवल नाही.

६. जुने विमान कधी परवडते?

याचे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे व मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. मद्रासला संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत पोहोचे. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

या कामास प्रारंभी मुख्यतः डकोटा विमाने होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याने विकावयास काढलेली डकोटा विमाने फार स्वस्तात मिळत. नागपूरला जाऊन परत येण्याचे तास मर्यादित, घाई पहाटेपर्यंतची, आणि किंमत थोडी. अशा कामास नवे महागडे विमान घेणे म्हणजे गावच्या बाजारातून भाजी आणण्यास मालमोटार घेण्यासारखे झाले असते. जुने, परंतु नीट निगा राखलेले विमानच तेथे योग्य होते.

मात्र त्याच स्वस्त डकोटांनी काहींस फसविलेही. विमान स्वस्त मिळते म्हणून अनेक कंपन्या निघाल्या. पण तितके प्रवासी नव्हते. खरेदी स्वस्त म्हणजे धंदा स्वस्त नव्हे, हे त्यांस उशिरा कळले. शेवटी १९५३ साली सरकारने हा सर्व व्यवसाय ताब्यात घेऊन दोन महामंडळे स्थापिली.

परदेशातील उदाहरण पाहावयाचे तर अमेरिकेतील ॲलेजियंट या कंपनीचे पाहावे. तिने एमडी-८० जातीची वापरलेली, तेल पिणारी विमाने स्वस्तात घेतली, आणि आठवड्यातून ज्या दिवशी सहलीचे प्रवासी भरपूर मिळतात त्याच दिवशी ती उडविली. इतर दिवशी ती उभी राहिली तरी हप्त्याचा बोजा नसल्यामुळे कंपनीचे बिघडत नसे. अशा रीतीने तिने वर्षानुवर्षे नफा मिळविला. शेवटी दुरुस्ती व इंधन जड होऊ लागले, तेव्हा २०१८ साली तिने ती विमाने निवृत्त केली. घेताना हिशेब केला, आणि सोडतानाही केला.

७. नवे विमान कधी बुडविते?

याचे उदाहरण मुंबईचे. गो फर्स्ट या मुंबईच्या कंपनीने ए३२० निओ ही नवी विमाने घेतली. त्यांवर प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची नव्या रचनेची, फार कमी इंधन घेणारी इंजिने होती. ही इंजिने अपेक्षेहून लवकर दुरुस्तीस जाऊ लागली व बदली इंजिने वेळेवर मिळेनात. २०२३ च्या मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपली जवळजवळ निम्मी विमाने इंजिनांअभावी जमिनीवर उभी आहेत, असे तिने सांगितले. इंजिनांच्या कंपनीने हा दोष मान्य केला नाही. वाद काहीही असो, कंपनीची उड्डाणे त्याच महिन्यात थांबली ती पुन्हा सुरू झाली नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत तिचा कारभार कायमचा आवरण्याचा हुकूम झाला. पुढे त्याच जातीच्या इंजिनांच्या काही भागांत धातूच्या भुकटीचा दोष आढळला. त्यामुळे २०२४ साली इंडिगो कंपनीचीही सत्तरच्या वर विमाने उभी होती. इंडिगोचा ताफा मोठा असल्यामुळे तिने तो धक्का सोसला.

यातील गणित सोपे आहे. नवे विमान तासाला ४५,००० रुपये वाचविते, हे खरे. पण शून्य तास उडाले तर बचतही शून्यच. भाडे मात्र तीन कोटीचे तीन कोटी. जुने विमान उभे राहिले तर थोडे दुखते. नवे उभे राहिले तर घर बसते.

८. पुन्हा ट्रॅक्टराकडे

आता त्या पालकांचा हिशेब सांगतो. त्यांच्या संमतीने व आकडे ठोकळ करून येथे देत आहे. त्यांचा जुना ट्रॅक्टर तासाला ५ लिटर डिझेल घेई; नवा ४ लिटर घेईल असे धरले. सोयाबीन, तूर व कपाशीच्या त्यांच्या शेतात, शेजाऱ्यांची थोडी नांगरट धरूनही, वर्षाला सुमारे ४०० तास काम होई. लिटरला ९० रुपये धरता वर्षाची बचत ३६,००० रुपये. नव्या ट्रॅक्टरास दुरुस्ती कमी, म्हणून आणखी ३०,००० धरले. एकूण बचत ६६,०००. आणि जुना विकून आलेली रक्कम आधी भरल्यावरही उरणाऱ्या कर्जाचा वार्षिक हप्ता सुमारे १,८०,०००, तोही पाच वर्षे.

ते गृहस्थ कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे डिझेल वाचते, पन आपन नाही वाचत."

विमानाच्या खर्चाचे सारे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. मी त्यांस दुसरी बाजूही दाखविली. पाच वर्षांनी हप्ता संपतो व ट्रॅक्टर आपला राहतो. भाड्याचे भरपूर काम आधीच ठरलेले असेल, तर तास वाढून उत्तर पालटू शकते. जुना ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडला, तर त्या एका आठवड्याचे नुकसान कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. त्यांनी घरी जाऊन विचार केला. त्या वर्षी त्यांनी कर्ज न काढता जुन्या ट्रॅक्टराचे इंजिन उघडून नीट दुरुस्त करून घेतले, आणि भाड्याच्या कामाचे तास वहीत लिहून ठेवण्याचे काम मुलावर सोपविले. तास पुरेसे वाढले, तर पुढे नवा घ्यावयाचा, असे ठरले. मुलगा आता वही नियमाने लिहितो. माझ्या मते वर्गातील अर्ध्या धड्याची भरपाई त्या वहीने केली.

विद्यार्थीमित्रहो, जम्बो मोडीत निघाले ते केवळ वयामुळे नव्हे. त्याची आसने भरत नव्हती, त्यास चार इंजिने पोसावी लागत, आणि त्याचे काम करणारी लहान विमाने मिळाली होती. म्हणून त्याचा काळ संपला. 'नवे ते चांगले' हेही सूत्र नव्हे आणि 'जुने ते सोने' हेही नव्हे. वस्तूची किंमत विचारण्यापूर्वी तिला काम किती आहे ते विचारावे. आणि तिच्या बचतीवर भुलण्यापूर्वी ती उभी राहिली तर काय होईल, ते मोजावे. पालकांस नम्र विनंती इतकीच की, घरात मोटारसायकल, पंप वा ट्रॅक्टर घेण्याचा विचार निघेल, तेव्हा मुलांस जवळ बसवून हा हिशेब त्यांच्याकडून करवून घ्यावा. भागाकार तोच, पण आपल्या घरचा असला म्हणजे तो जन्मभर विसरत नाही.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. वरील उदाहरणात इंधनाचा भाव लिटरला ७५ रुपये धरला, तर नवे विमान रोज किती तास उडाले पाहिजे?

२. ३ किलोग्रॅम हवा सेकंदास १०० मीटर वेगाने फेकणे व १ किलोग्रॅम हवा ३०० मीटर वेगाने फेकणे, यांत ढकल सारखी येते काय? ऊर्जा कोणत्या रीतीत किती पट लागते?

३. ट्रॅक्टराच्या उदाहरणात दुरुस्तीची बचत ३०,००० रुपयेच धरली व भाड्याचे उत्पन्न सोडून दिले, तर केवळ बचतीतून हप्ता फिटण्यास वर्षाला किती तास काम पाहिजे? तितके तास तुमच्या गावी मिळतील काय, ते घरी वडीलमाणसांस विचारून लिहा.